वाट बघू नकोस, जेवून घे

*ताई, मी मालवणची, नवरा सोलापूरचा, पूर्ण शाकाहारी. लग्नाला चार वर्षं झाली, पुण्यात आम्ही दोघंच राहतो. माहेरी मासळीशिवाय घास उतरत नसे. इथे घरात मासा एकदाही शिजलेला नाही. तो रात्री साडेदहाला येतो. मी थांबते, भूक लागली की फरसाण खाते आणि मग त्याच्याबरोबर पुन्हा पोटभर जेवते. नऊ किलो वजन वाढलंय, रक्तातल्या साखरेचं एचबीए१सी ६.१ आलंय. डॉक्टर म्हणाले, लवकर जेवा. त्याला सांगितलं तर म्हणाला, "दिवसातून एकदा तर एकत्र बसतो, तेही नको का?" हल्ली मला सोलकढी बघूनही राग येतो. माझ्याकडे शिकून आता तो आवडीने मागून पितो, आणि मी मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी खातेय. काय करू?*

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या ६.१ चं बघू. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी. अजून मधुमेह झालेला नाही आणि बरंच काही तुझ्या हातात आहे. आजपासून आठला जेव. यासाठी कुणाची परवानगी घ्यायची नसते.

नवऱ्याला सोबत हवी आहे, आणि ती मागणी मला गोड वाटली. ती पूर्ण करायला तू दुसऱ्यांदा जेवायची गरज नाही. तो आला की समोर बस, हवं तर वाटीभर ताक घे, मोबाइल दोघांचेही लांब ठेवा, दिवसभराचं बोला. सुरुवातीला "अगं, चतकोर तरी घे" होणारच. आपल्याकडे आग्रह हेच प्रेम, त्यामुळे नाही म्हणताना अपराधी वाटतं. तरी हसून नाही म्हण. सुट्टीच्या दिवशी मात्र दोघांनी आठला एकत्र जेवायचं, हे ठरवूनच टाका. आणि इतक्या उशिराचं जेवण त्याच्याही तब्येतीला बरं नाही. संध्याकाळचा डबा ऑफिसात नेणं जमेल का, एवढं त्याला विचार.

फरसाण घरात आणूच नका. डब्यात असलं की हात जातोच, तुझाही आणि त्याचाही. सहाच्या भुकेला भाजलेले चणे किंवा एखादं फळ ठेव. एका घरातल्या दोघांच्या सवयी एकमेकांना लागतातच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासातली १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची माहिती दोन संशोधकांनी तपासली आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडला. नवरा-बायकोपैकी एकाला लठ्ठपणा आला, तर दुसऱ्याला तो येण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणून हे पथ्य तुझ्या एकटीचं ठेवू नकोस.

आता माशाचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "घरात मासा करू नकोस" असं तो म्हणाल्याचं त्यात कुठेच नाही. तू न विचारताच सोडलास. आपण बायका हे फार सहज करतो, आणि मग सोडलेल्या घासाचा राग सोलकढीवर निघतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल की तू चार वर्षं बांगड्यावाचून काढलीस.

तेव्हा सरळ विचार: "मी घरात मासे केले तर चालेल का?" तो हो म्हणाला, तर मासळीचा तवा आणि कढई वेगळी ठेव, खिडक्या उघड्या ठेव, तो बाहेर असेल त्या दिवशी कर. आधी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं कर. तळणीपेक्षा त्याचा वास कमी पसरतो. सुकी मासळी तर इतक्यात नकोच, तिचा वास दोन दिवस जात नाही. तो नाही म्हणाला, तर स्वयंपाकघर त्याचंही आहे, हे मान्य कर. पण मग महिन्यातून दोनदा मालवणी खानावळीत जायचं, तेही त्याला बरोबर घेऊन. तू सुरमई खा, त्याला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे सांग. तुझ्या गावची ती चव त्याला अजून कुणी दाखवलेली दिसत नाही.

एचबीए१सीमधून मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घे. जाताना त्यालाही घेऊन जा, आणि त्याचंही रक्त द्यायला लाव.

तुझी ताई