ग्रुंडबुखात नाव कोणाचं? म्युनिकच्या एका ताईला उत्तर

या वेळचं पत्र म्युनिकजवळून आलंय. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण मुद्दा तिच्याच शब्दात ठेवलाय:

"ताई, आमचं लग्न २०१३ ला पुण्यात झालं, दोघंही आयटीतले. नवरा आधी इकडे आला, मी सहा महिन्यांनी. मुलगी झाल्यावर मी तीन वर्षं घरी होते, आता अर्धवेळ काम करते. नवऱ्याच्या पगारातून भाडं आणि सेव्हिंग होतं, माझ्या पगारातून किराणा, आधी किटा (पाळणाघर-बालवाडी) आणि आता होर्ट (शाळा सुटल्यावरचं पाळणाघर), मुलीचे क्लास, भारताची तिकिटं, दोन्हीकडच्या लग्न-मुंजींचे आहेर. आता घर घेतोय. बँकेने कर्जावर दोघांच्या सह्या मागितल्यात, पण खरेदीखतात एकट्या नवऱ्याचं नाव घालायचं चाललंय कारण सासऱ्यांनी ६० हजार युरो दिलेत आणि ते म्हणतात उगाच गुंतागुंत नको. मी विचारलं तर नवरा म्हणाला, तुझं-माझं कधीपासून करायला लागलीस? तो वाईट नाहीये हो. मला माझीच लाज वाटली. माझं चुकतंय का?"

नाही गं. अजिबात चुकत नाहीयेस. आणि लाज तर मुळीच वाटून घेऊ नकोस, कारण तू विचारलेला प्रश्न मला गेल्या काही वर्षांत फ्रँकफुर्टपासून बर्लिनपर्यंत इतक्या बायकांनी विचारलाय की आता पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचून पुढचं कळतं. मी वकील नाही हे आधीच सांगते, पण वीस वर्षं इथे काढलीत, स्वतःचे चटके बसलेत, आणि कुठला प्रश्न वकिलाला विचारायचा एवढं नक्की सांगू शकते.

आधी तुझ्या घरातला पैसा कसा फिरतो ते बघ. तुझा पगार किराण्यात, त्याचा पगार शिलकीत. आजवर तुम्ही दोघांनी घर सारखंच चालवलंय, पण तुझा पैसा खाऊन-पिऊन, विमानात बसून संपला आणि त्याचा पैसा बँकेत साठला, आता तोच डाउन पेमेंट म्हणून पुढे येतोय, आणि मग सगळ्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटतं की घर "त्याच्या पैशाने" घेतलं. कोणी ठरवून फसवलं असं नाही यात, सोय म्हणून सुरू झालेली पद्धत असते, त्याचा पगार मोठा म्हणून मोठा खर्च त्याच्याकडे. पण दहा वर्षांनी त्या सोयीचा ढीग एकाच्याच नावावर उभा राहतो. घर घेतल्यावर हेच पुढे चालणार, त्याच्या पगारातून हप्ता आणि तुझ्या पगारातून भाजी, आणि हप्ता भरणाऱ्याचं घर होतं, भाजी आणणाऱ्याचं काहीच होत नाही.

आता सह्यांचं. कर्जावर तू सही केलीस की बँक अख्खं कर्ज तुझ्याकडूनही मागू शकते, अर्धं नाही, अख्खं. आणि ग्रुंडबुखात, म्हणजे इथल्या जमिनीच्या सरकारी दप्तरात, तुझं नाव नसेल तर घर तुझं नाही. म्हणजे कर्ज दोघांचं आणि घर एकाचं. हे कोणालाच मान्य होऊ नये, तुझ्या नवऱ्यालाही नाही, आणि शांतपणे समोर मांडलं तर त्यालाही पटेल असं मला पत्रावरून वाटतंय.

तुला कोणीतरी सांगितलं असेलच की अगं जर्मनीत लग्न झालं की सगळं अर्धं-अर्धं असतं, काळजी करू नको. इथे जरा थांब, कारण या एका गैरसमजावर आपल्या कितीतरी बायका निर्धास्त बसल्यात. पहिली गोष्ट, जर्मनीत करार न करता लग्न केलं तर जी पद्धत लागते तिला त्सुगेविनगेमाइनशाफ्ट म्हणतात आणि ती १ जुलै १९५८ पासून आहे. संसार चालू असताना ज्याचं त्याचंच असतं, अर्धं-अर्धं काही नसतं. हिशेब होतो तो शेवटी, घटस्फोट किंवा मृत्यू झाला की. लग्नाच्या दिवशी कोणाकडे किती होतं, शेवटी किती आहे, मधली वाढ किती, आणि ज्याची वाढ जास्त त्याने फरकाचा अर्धा भाग दुसऱ्याला द्यायचा. समजा त्याचे दोन लाख वाढले आणि तुझे ४० हजार, तर फरक एक लाख ६० हजार, त्यातले ८० हजार तुझे. घरी राहून मूल वाढवलंस त्या वर्षांची दखल या पद्धतीत अशी घेतली जाते, आणि मला विचारशील तर ही पद्धत चांगली आहे.

पण ती तुम्हाला लागू आहे का? इथे तारीख बघायची. युरोपियन युनियनचा एक नियम २९ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. जर्मनीसकट १८ देशांनी तो घेतलाय. त्या दिवशी किंवा नंतर लग्न झालेलं असेल आणि नवरा-बायकोने काहीच निवडलेलं नसेल तर लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एकत्र जिथे राहायला लागले त्या देशाचा कायदा. त्याआधी लग्न झालं असेल तर जर्मनी जुना नियम लावते आणि त्यात पहिलं बघतात की लग्नाच्या वेळी दोघांचं नागरिकत्व एकच होतं का. तुम्ही २०१३ ला पुण्यात बोहल्यावर चढलात तेव्हा दोघांच्या हातात भारताचे पासपोर्ट. म्हणजे सुरुवात भारतीय कायद्यापासून. नंतर जर्मन पासपोर्ट घेतला म्हणून ते आपोआप बदलत नाही. (घर कुठल्या देशात आहे यावरून त्याला आणखी फाटे फुटतात, म्हणून वकील बघायचाच.)

आणि भारतीय कायद्यात काय आहे? हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात पोटगी आहे, लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल एक कलम आहे, पण संसारात जमवलेल्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा असं काहीही नाही. ज्याच्या नावावर त्याचं. बायकोला वाटा द्यायचं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं आणि मग लोकसभेत अडकून बारगळलं. म्हणजे बारा वर्षं म्युनिकमध्ये राहून, जर्मन टॅक्स भरून, तुझ्या हक्काचा हिशेब मात्र पुण्यातल्या मांडवात ठरलेला असू शकतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

उपाय आहे आणि तो सोपा आहे. दोघांनी नोटारकडे, म्हणजे असे करार आणि खरेदीखतं करून देणाऱ्या कायदेतज्ज्ञाकडे, जाऊन लिहून द्यायचं की आमच्या मालमत्तेला जर्मन कायदा लागू राहील. लग्न आधीचं असलं तरी ही निवड आज करता येते. फी तुमच्या एकूण मालमत्तेवर ठरते. घराच्या खरेदीसाठी तुम्ही नोटारकडे जाणारच आहात, तेव्हा आधी फोन करून विचारा की हेही करता येईल का. निवड मागच्या वर्षांना पण लागू करायची की आजपासून पुढे, हेही त्यात स्पष्ट लिहून घ्या, ते राहून जातं.

सासऱ्यांच्या ६० हजारांचं म्हणशील तर त्यांची काळजी मला समजते, आयुष्यभराची पुंजी आहे ती. पण त्यासाठी तुझं नाव वगळायची गरजच नाही. ग्रुंडबुखात हिस्से लिहिता येतात, निम्मं-निम्मं किंवा ६०-४० किंवा जे ठरेल ते. आणि त्सुगेविनच्या हिशेबात आईवडिलांनी स्वतःच्या मुलाला दिलेली भेट किंवा वारसा हा त्याच्या सुरुवातीच्या रकमेत धरतात, म्हणजे ते ६० हजार तुझ्याबरोबर वाटले जातच नाहीत, फक्त त्याची किंमत पुढे वाढली तर ती वाढ मोजतात. हे सासऱ्यांना सांग. पैसे कोणी, कोणाला, कधी दिले याचा एक कागद करून ठेवा, सगळ्यांचंच समाधान होईल.

"नाव नंतर घालू" म्हणाले तर? घालता येतं. जर्मनीत नवरा-बायकोतल्या अशा हस्तांतरावर घरखरेदीचा कर लागत नाही, राहतं घर असेल तर भेटीचा करही नाही. पण नोटार आणि दप्तराची फी परत भरायची, कर्ज असेल तर बँकेशी परत बोलायचं, आणि खरं सांगू का, "नंतर" कधी येत नाही.

माझंच सांगते. २००६ मध्ये आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला, डाउन पेमेंटमध्ये जवळपास निम्मे पैसे माझे, लग्नाआधीच्या नोकरीतले. रजिस्ट्रेशनच्या वेळी मी इकडे होते, पोट आठव्या महिन्याचं, म्हणून नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं नाव घातलं, तुझं नंतर घालू. २०१५ मध्ये नवऱ्याला मोठं आजारपण आलं, पैसे हवे होते, फ्लॅट विकायचा ठरला. तो इकडे हॉस्पिटलमध्ये, कुलमुखत्यारपत्राची धावपळ, आणि तिकडे ऐंशी वर्षांच्या सासऱ्यांना दिरांनी रिक्षातून नेलं. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेईना, पाच-सहा वेळा बोट पुसून परत ठेवायला लावलं, आणि ते फोनवर मला म्हणत होते, "सूनबाई, तुझं नाव असतं तर तू एकटीने येऊन उरकलं असतंस." मी इथे किचनमध्ये उभी, अर्धे पैसे माझे आणि एकाही कागदावर मी नाही. आमच्या घरात प्रेमाची कमतरता कधीच नव्हती. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हा विषय फक्त घटस्फोटाचा नाही, आजारपणाचा आहे, मृत्यूचा आहे, अडीअडचणीला कोण सही करू शकतं याचा आहे.

मृत्यूचं बोलतच आहोत तर, जर्मनीत मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर बायकोला वारसा म्हणून पाव हिस्सा, आणि त्सुगेविन लागू असेल तर आणखी पाव, मिळून निम्मं. ती पद्धत लागू नसेल तर हा वरचा पाव भागच प्रश्नात येतो. एकमेकांच्या नावे टेस्टामेंट करून ठेवा, हे काम एका संध्याकाळचं आहे.

आमच्या शेजारी गोव्यातल्या फोंड्याचं एक कुटुंब आहे, त्या काकूंना ही सगळी चर्चा ऐकून नवल वाटतं. त्या म्हणतात, आमच्या बाबांना कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, विकायचं होतं तर आईची सही लागलीच, तिने नाही म्हटलं, विषय संपला. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून चालतो, त्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर मालमत्ता दोघांची सामाईक होते आणि एकट्याने घरदार विकता येत नाही. गोवेकरांच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मालमत्तेलाही वारसाहक्कासाठी तोच कायदा, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. तिथल्या घरात बायका सगळ्या सुखी आहेत असं मी म्हणत नाही, पण सावंतवाडीची बाई आणि पेडण्याची बाई, मध्ये एक नदी, आणि नवऱ्याच्या घरावर हक्क वेगवेगळा, हे मला फार बोलकं वाटतं. उलटं उदाहरण फ्रान्सचं. तिथे लग्नानंतरची कमाई सामाईक ही मूळ पद्धत, पण लग्न न करता राहणारे आणि मालमत्ता वेगळी ठेवणारे वाढत गेले, आणि पुरुष-बायकांच्या संपत्तीतली तफावत १९९८ मध्ये ९ टक्के होती ती २०१५ मध्ये १६ टक्के झाली. बायका शिकल्या, कमावायला लागल्या, तरीही. कारण वेगळं-वेगळं ठेवलं की ज्याचा पगार मोठा त्याचाच ढीग वाढतो.

ज्यांना अजून मूल व्हायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट, श्टॉयरक्लासे, म्हणजे पगारातून दर महिन्याला किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा वर्ग. आपल्यातले बहुतेक जण डोळे झाकून नवऱ्याला तीन आणि बायकोला पाच घेतात. वर्षाच्या शेवटी एकत्र रिटर्न भरला की एकूण टॅक्स तेवढाच, पण दर महिन्याला बायकोच्या हातात पडणारा पगार केविलवाणा दिसतो, आणि एल्टर्नगेल्ड, म्हणजे मूल झाल्यावर घरी राहणाऱ्या आई-वडिलांना मिळणारा सरकारी भत्ता, त्याच हातातल्या पगारावर मोजतात, साधारण ६५ टक्के, जास्तीत जास्त १८०० युरो. बेकारी भत्त्याचंही तसंच. बदलायचं असेल तर प्रसूतीच्या रजेच्या किमान सात महिने आधी अर्ज, म्हणजे बातमी कळल्या-कळल्या. आणि पाचमधला पगार बघून "एवढ्यासाठी नोकरी कशाला" असा निर्णय तर कोणीच घेऊ नका, तो आकडा खरा नाहीये. तू घरी होतीस त्या तीन वर्षांची पेन्शनमध्ये नोंद झालीय का तेही तपास, ती मिळते पण अर्ज करून मागावी लागते.

आता नवऱ्याशी बोलायचं कसं. भांडणाच्या सुरात नको, आणि सासऱ्यांसमोर व्हिडिओ कॉलवर तर नकोच. रविवारी सकाळी चहा झाला की दोघं बसा आणि एका कागदावर गेल्या वर्षीचे खर्च लिहा, कोणाच्या खात्यातून काय गेलं. बस. तो "तुझं-माझं" म्हणाला तर सांग की मी तेच म्हणतेय, तुझं-माझं नको म्हणूनच दोघांचं नाव हवंय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली, सातबाऱ्यावर तिचं नाव लावलं. एकरभर कोरडवाहू असलेल्या माणसाला जे जमलं ते आपल्या घरातही जमेल.

खर्चाची पद्धतही बदला, दोघांच्या पगारातून प्रमाणात एका सामाईक खात्यात, हप्ता आणि किराणा दोन्ही तिथूनच.

तू लिहिलंयस की नोटारची तारीख १४ ला आहे. मसुदा आधी मागवून घे आणि खरेदीदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते स्वतः वाच. नोटार सही घेण्याआधी अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, कायद्यानेच तसं करावं लागतं, पण ती जर्मन भरभर वाचतात आणि अवघड असते, तेव्हा समजत नसेल तर दुभाषी लागेल असं आजच ऑफिसला कळव. आणि मला परत लिही, १४ नंतर.