नोटिशीत ठिपके कुठे, आकडे कुठे

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस मराठीत लिहिताना मुद्द्यांना बुलेट द्यावेत की आकडे, आणि प्रत्येक मुद्द्यानंतर पूर्णविराम हवा का, असं तुम्ही विचारलंय. दादरच्या आमच्या सोसायटीच्या नोटिसा बारा वर्षं मीच लिहितोय, त्या अनुभवावरून सांगतो.

विषयपत्रिकेला आकडेच द्या. सभेत कुणी उठून 'विषय क्रमांक ४ बद्दल बोलायचंय' म्हणतं, इतिवृत्तातही तोच क्रमांक येतो. ठिपक्यांची अशी ओळख सांगता येत नाही.

बुलेट हा शब्द छोटा गोळा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलाय. तो ठिपका वाचणाऱ्याला एवढंच सांगतो की या ओळी एका पंगतीतल्या आहेत, कुठलीही आधी वाचा. सभेला येताना काय काय आणायचं, याला तो शोभतो. जिथे एका गोष्टीवर दुसरी अवलंबून असते, तिथे मात्र तो घात करतो. गच्चीवरची टाकी धुण्याची नोटीस मी एकदा पाच ठिपक्यांत लिहिली. 'सुरुवातीचे पाणी पिऊ नये' हे सगळ्यात वर, 'संध्याकाळी पाणी सुरू होईल' हे तळाला. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी सकाळी भरलेलं चांगलं पाणी ओतून दिलं आणि संध्याकाळचं गढूळ पाणी प्यायला ठेवलं. 'त्यानंतर', 'म्हणून' हे शब्द मी गाळले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं. असा मजकूर सरळ परिच्छेदात लिहा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'सभासदांनी' एवढंच वर लिहून खाली 'वेळेवर येणे', 'थकबाकी भरावी', 'ओळखपत्र' अशा तीन तऱ्हांच्या ओळी दिल्या, तर वाक्य लागत नाही. वरचे शब्द प्रत्येक ओळीला जोडून मोठ्याने वाचा. 'सभासदांनी थकबाकी भरावी' जमतं, 'सभासदांनी ओळखपत्र' अडतं. ओळीत क्रियापद असेल तर पूर्णविराम द्या, नुसतं नाम असेल तर नको.

आणि 'सूचना' या शब्दाला अपूर्णविराम चिकटवून लिहू नका, तो विसर्गासारखा दिसतो. मध्ये जागा सोडा, किंवा जुन्या पद्धतीने पुढे आडवी रेघ जोडा, म्हणजे 'सूचना :-'.

नोटीस व्हॉट्सॲपवर टाकणार असाल तर ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि एक मोकळी जागा द्या, ठिपका आपोआप उमटतो.