शेरूचे खुबे, घरातल्या टाइल्स आणि शेततळं

प्रश्न : आमचा शेरू लॅब्राडॉर, नऊ वर्षांचा, वजन 41 किलो. सकाळी उठताना मागचे पाय टाइल्सवर घसरतात, डॉक्टरांनी एक्स-रे काढून खुब्याच्या सांध्याची झीज सांगितली, गोळ्या चालू आहेत. फिरवणं बंद करू का? शेततळ्यात पोहवलं तर चालेल का, की मागच्या पायांना आधार देणारी कुत्र्यांची चाकाची गाडीच घ्यावी?
– एक वाचक भगिनी, रावेर

उत्तर : ताई, फिरवणं बंद अजिबात करू नका. पाय वापरले नाहीत की मांड्या वाळतात आणि मग सगळा ताण त्या झिजलेल्या सांध्यावरच येतो. एकदम तासभर नको, दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं मातीच्या सपाट रस्त्याने न्या, आणि आपल्याकडे पारा 45 ला टेकतो त्या दिवसांत पहाटेच, डांबरावर पंजे भाजतात बिचाऱ्यांचे.

पण खरं सांगू का, मला काळजी त्या 41 किलोची वाटते. भाकरीवर तूप, चहाबरोबर बिस्किट, जेवताना प्रत्येकाच्या ताटातला एक घास, हे सगळं प्रेमानेच होतं पण वाहावं लागतं त्याच्या खुब्यांना. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर जन्मभर अभ्यास केला, तो 2002 साली छापून आला, त्यात एकाच वेतातल्या जोडीतल्या एकाला पाव हिस्सा कमी खायला द्यायचे, ती कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. बरगड्या हाताला सहज लागतील इतकं वजन हळूहळू उतरवा.

टाइल्सवर सतरंजी नको, ती सरकते, खाली रबर असलेल्या मॅट टाका. नखं आणि पंजाखालचे केस कापत जा. पायरी चढताना मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा, उचलायचं नाही, नुसता आधार द्यायचा, आणि नर आहे म्हणून लघवीची जागा दाबली जात नाही ना तेवढं बघा.

पोहणं चांगलंच, पाण्यात अंगाचा भार सांध्यावर येत नाही. पण शेततळ्यात नकोच हो! तळ्यात अंथरलेला तो प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की धडधाकट कुत्र्यालाही वर चढता येत नाही, दमून बुडतं. गाडीची घाई नको, मागच्या पायातला जोर गेला असेल तर ती लागते, शेरू अजून चालतोय.

आणि घरातली माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते. चालू गोळ्यांनीही उलट्या झाल्या, खाणं सुटलं किंवा शी काळी झाली तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन करा.