विमानातून बर्फाखालची जमीन कशी कळते? रडारला बर्फ आडवा येत नाही का?

तुमचा प्रश्न असा आहे: अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा विमानातून रडारने काढतात, तर रडारची लहर बर्फावरच आपटून परत का येत नाही? आणि खाली खरंच तसं आहे हे कुणी खोदून पाहिलंय का?

मी अंटार्क्टिकाला गेलेलो नाही. ठाण्यात राहतो आणि रस्त्याखालच्या पाइपलाइनी, केबली शोधायचं काम करतो. रात्री अकरानंतर घोडबंदर रोडला किंवा ऐरोलीत बाबागाडीसारखी ट्रॉली ढकलत चाललेली माणसं दिसली असतील, तर ती आमच्या धंद्यातली. ट्रॉलीखालची अँटेना जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि खालून आलेला प्रतिध्वनी स्क्रीनवर उमटतो. विमानातलं ते रडार आमच्या यंत्राचं सख्खं चुलत भावंड. पण आमचं दोन-तीन मीटरवर धापा टाकतं आणि ते चार किलोमीटर खाली जाऊन येतं.

असं का, ते ठाण्यातच कळतं. येऊरच्या पायथ्याशी मुरूम आणि कातळ आहे. उन्हाळ्यात तिथे खालचं चांगलं दिसतं. तेच यंत्र खाडीच्या बाजूला, कोपरीला किंवा वाशीत खाजणावरच्या भरावावर नेलं की मीटरभर खालचंही धड दिसत नाही, नुसता राखाडी चिखल. दोष खाऱ्या पाण्याचा. त्यातले क्षारांचे सुटे कण वीज वाहून नेतात आणि लहरीची ताकद तिथेच उष्णता होऊन जिरते. अंटार्क्टिकाचा बर्फ पडलेल्या हिमाचा, त्यात क्षार मुळात नगण्य, आणि जे थोडे असतात तेही गोठून जागच्या जागी जखडलेले, त्यामुळे लहर खायला कुणी मोकळं नसतं. कडक थंडीतला कोरडा बर्फ रेडिओलहरींना जवळजवळ काचेसारखा. फ्रीजरमधला मटारचा गोळा मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बघा, कडेला पाणी उकळायला लागतं तरी मधला बर्फ ढिम्म. (तिथली लहर वेगळ्या जातीची आहे आणि कारणही तंतोतंत तेच नाही, पण अंदाज येतो.)

बर्फाच्या पृष्ठभागावरून थोडी लहर परत येतेच, तो पहिला प्रतिध्वनी. उरलेली आत शिरते आणि खडकावर आपटून मागे फिरते, तो दुसरा. दोन्हींमधला वेळ मोजायचा. बर्फात लहर सेकंदाला सुमारे १ लाख ६८ हजार किलोमीटर जाते, म्हणजे हवेतल्या वेगाच्या निम्म्याहून थोडी जास्त. ३ किलोमीटर जाड बर्फातून खाली जाऊन वर यायला साधारण ३६ मायक्रोसेकंद लागतात. गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. अवघड आहे ते त्या क्षीण दुसऱ्या आवाजाला बाकीच्या गोंगाटातून ओळखणं.

गंमत म्हणजे हे तंत्र एका घोळातून निघालं. विमानाची जमिनीपासूनची उंची सांगणारी रडार-यंत्रं बर्फावर चुकीचा आकडा दाखवायची. लहर बर्फात घुसायची आणि पायलटला वाटायचं, अजून बरंच अंतर आहे. अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या एमोरी वेट यांनी १९५० च्या दशकात हा दोषच कामाला लावला. पुढे १९६३ मध्ये केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये स्टॅन एव्हान्स यांनी खास बर्फासाठी यंत्र बांधलं. १९६७ ते १९७९ या काळात इंग्रज, अमेरिकी आणि डॅनिश मंडळींनी मुख्यतः हर्क्युलिस या मालवाहू विमानांतून अंटार्क्टिकावर लाखो किलोमीटर रेषा मारल्या, नोंद सगळी फिल्मवर. तेव्हा जीपीएस नव्हतं, त्यामुळे काही रेषा नकाशावर किलोमीटरच्या हिशेबात सरकलेल्या असू शकतात. तरी त्या फिल्म अलीकडे स्कॅन करून पुन्हा वापरल्या जातात, आणि मला यात काही नवल वाटत नाही. आमच्याकडेही जुन्या ओव्हरसियरची वही नव्या ड्रॉइंगपेक्षा कामाला येते.

त्या नोंदींत मला सर्वात आवडतात ती तळी. खडकाचा प्रतिध्वनी खडबडीत आणि वरखाली होणारा असतो. मधेच एखाद्या ठिकाणी तो एकदम लख्ख आणि पट्टीने आखल्यासारखा सपाट होतो, म्हणजे खाली पाणी. जे पाणी वाशीत माझं यंत्र आंधळं करतं, तेच तिथे तळाशी बसून आरशासारखं चमकतं. व्होस्टोक तळं असंच, सुमारे ४ किलोमीटर बर्फाखाली आणि जवळपास २५० किलोमीटर लांब. ठाण्याहून साताऱ्याला निघालात तर अख्खा रस्ता त्या तळ्याच्या काठाने.

आता नकाशावर कितपत विश्वास ठेवायचा ते. दोन वर्षांपूर्वी कळव्याकडे एका कामात आम्ही दर पाच मीटरवर एक रेषा मारली होती. पाण्याची जुनी लाइन दोन रेषांच्या मधे वळण घेऊन निसटली. आमच्या कागदावर ती सरळ गेली होती, कारण दोन ठिपके आम्ही सरळ जोडले होते. जेसीबीच्या दाताने तिचा खरा मार्ग दाखवला आणि ठेकेदाराने पहाटे तीनला माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

अंटार्क्टिकावर दोन रेषांमधलं अंतर काही भागांत दहा-दहा किलोमीटर आणि त्याहून जास्त आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या पुढाकाराने २०२५ मध्ये आलेला बेडमॅप३ हा बर्फाखालच्या जमिनीचा नकाशा ५०० मीटरच्या चौकटींत दिलाय, त्यामागे ८ कोटींहून जास्त मोजमापं आहेत. पण ती बहुतेक रेषांवर दाटलेली आहेत, प्रत्येक चौकटीत मोजलेलं नाही. त्यात सर्वात जाड बर्फ ४,७५७ मीटर, विल्क्स लँडमधल्या एका बिननावाच्या दरीत. कळसूबाई १,६४६ मीटर. एकीवर दुसरी ठेवली तरी त्या बर्फातून शेंडा बाहेर येणार नाही.

मधल्या जागा भरायची एक युक्ती मात्र झकास आहे. पूर्व अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीखालची दरी इतकी अरुंद आहे की रडारला तळ दिसण्याआधी दोन्ही कड्यांचे प्रतिध्वनी येऊन सगळं झाकून टाकतात. मग उलटा हिशेब केला. वरून किती बर्फ येतो ते माहीत, उपग्रहावरून त्याचा वेगही माहीत, तर एवढा बर्फ एवढ्या अरुंद घळईतून जायला ती किती खोल हवी? पावसाळ्यात मोरीतून किती पाणी जातं यावरून मोरीचं माप काढावं तसं. २०१९ मध्ये उत्तर आलं, समुद्रसपाटीखाली सुमारे ३,५०० मीटर. अशा जागा महत्त्वाच्या, कारण तळ समुद्राखाली असला आणि आतल्या बाजूला उतरत गेला की कोमट समुद्राचं पाणी बर्फाला खालून कुरतडत आत जाऊ शकतं.

खोदून पाहिलंय का? हो, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणांचंच मी सांगू शकेन. ग्रीनलँडमध्ये कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी लष्करी तळावर १९६६ मध्ये सुमारे १,३९० मीटर खोदून तळाची माती वर काढली. व्होस्टोकला रशियन मंडळी फेब्रुवारी २०१२ मध्ये ३,७६९ मीटरवर पाण्याला लागली, मधे थांबत-थांबत वीसहून जास्त वर्षं खोदल्यावर. आमचा ट्रायल पिट, म्हणजे खात्रीसाठी खणायचा खड्डा, दोन माणसं, एक पहार आणि दोन तासांत होतो. कळव्याला तेवढाही खणू दिला नव्हता, रस्ता सकाळी सहाला मोकळा हवा होता.