भावना, संवेग आणि 'मी भावनिक झालो'

प्रश्न असा आलाय की मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला इमोशनसाठी एका पुस्तकात 'भावना' आहे आणि दुसऱ्या नोट्समध्ये 'संवेग', तर नक्की काय लिहायचं, आणि 'निरोप देताना मी खूप भावनिक झालो' हे वाक्य बरोबर आहे का.

दुसरा भाग आधी घेतो, कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. बरोबर नाहीये. 'भावनिक' म्हणजे भावनेसंबंधीचा, एवढंच. भावनिक आधार, भावनिक गरज, भावनिक बुद्धिमत्ता, इथे तो शब्द चपखल बसतो. पण माणूस भावनिक होत नाही, जसा पगार झाल्यावर तो आर्थिक होत नाही आणि व्यायाम केल्यावर शारीरिक होत नाही. भरून आलं, गहिवरलो, हेलावून गेलो, गलबललो, कंठ दाटून आला, इतकं सगळं हाताशी असताना आणि प्रत्येकाची छटा वेगळी असताना इंग्रजीतलं 'इमोशनल झालो' जसंच्या तसं उचलायचं, याचा मला खरंच त्रास होतो. आणि ज्याला सारखंच असं होतं तो भावुक किंवा हळवा. संपला तो विषय.

आता संवेग. हा हिंदी पुस्तकांतून आलाय, तिथे तो इमोशनसाठी रूढ आहे. पण फिजिक्सच्या पुस्तकात, मराठीत काय आणि हिंदीत काय, संवेग म्हणजे मोमेंटम, वस्तुमान गुणिले वेग, आणि ते शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. संवेगवाले यावर सांगतात की इमोशन आणि मोटिव्हेशन दोन्ही लॅटिनमधल्या 'हलवणे' अर्थाच्या क्रियापदावरून आलेत, म्हणून वेग असलेला शब्दच हवा, 'भावना' तर भू म्हणजे 'असणे' यावरून आलाय, त्यात नुसतं असणं आहे, हालचाल कुठाय. एक तर लॅटिन शब्दाची व्युत्पत्ती मराठी शब्दाने का सांभाळायची हेच मला कळत नाही. आणि दुसरं म्हणजे व्याकरण अर्धंच वाचलंय. भावना हा भू धातूच्या प्रयोजक रूपावरून आलाय, म्हणजे 'असणे' नाही, 'व्हायला लावणे', 'घडवणे'. हा प्रश्न नाट्यशास्त्र या नाटकावरच्या प्राचीन ग्रंथात, सातव्या अध्यायात, त्याचा कर्ता भरत यानेच विचारलाय, की जे असतात ते भाव का जे भावित करतात ते भाव, आणि त्याचं उत्तर आहे, भावित करतात ते. पुढे तो म्हणतो 'भावितं वासितं कृतमित्यनर्थान्तरम्', म्हणजे भावित आणि वासित (वास मुरलेलं) एकच, आणि लोकांच्या बोलण्यातला दाखला देतो की या वासाने किंवा रसाने सगळं भावित झालं असं म्हणतातच की!

इथे मला थांबवत नाही. कारण हाच अर्थ आयुर्वेदात अजून जिवंत आहे. वैद्य म्हणतात 'चूर्णाला सात भावना द्या'. म्हणजे काय करतात, चूर्ण खलात घ्यायचं, ते भिजेल इतका वनस्पतीचा रस किंवा काढा घालायचा, घोटत राहायचं, सुकू द्यायचं, की झाली एक भावना. मग परत रस, परत घोटणं, परत सुकवणं. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात. शेवटी हातात येतं ते दिसायला चूर्णच, पण आता ते पहिलं चूर्ण नाही. चरकाने विमानस्थानात संस्काराची व्याख्या केलीय ती हीच, 'संस्कारो हि गुणान्तराधानमुच्यते', वेगळा गुण आत घालणं म्हणजे संस्कार, आणि तो कशाकशाने घालता येतो त्या यादीत वासन आणि भावन शेजारी शेजारी बसलेत. (आपली 'वासना' पण तिथलीच, मागे राहिलेला वास. ती फक्त कामवासनेपुरती कशी आक्रसली हा वेगळा लेख होईल.)

आणि आता जे मला सगळ्यात जास्त आवडतं ते. न्याय आणि वैशेषिक या प्राचीन दर्शनांत भावना म्हणजे इमोशन नाहीच, भावना म्हणजे स्मृतीचं कारण! अनुभव येऊन गेल्यावर आत्म्यावर जो ठसा उरतो आणि ज्यातून पुढे आठवण उगवते तो ठसा म्हणजे भावना. ती संस्काराचा एक प्रकार, बाकीचे दोन वेग आणि स्थितिस्थापक (वाकवलेली वस्तू परत पहिल्यासारखी होते तो गुण). प्रशस्तपाद या वैशेषिक भाष्यकाराने तर हा ठसा कशाने पक्का होतो तेही सांगितलंय, तीन गोष्टींनी, पटु, अभ्यास आणि आदर. पटु म्हणजे आश्चर्याने बसलेला तीव्र ठसा, उदाहरण काय तर दक्षिणेकडच्या माणसाने उंट पाहणं. अभ्यास म्हणजे परत परत करणं. आदर म्हणजे मन लावून, उत्सुकतेने बघणं. आणि ठसा पुसतो कशाने, तर दुसऱ्या ज्ञानाने, मदाने म्हणजे नशेने, दुःखाने.

आता मानसशास्त्राचं पुस्तक उघडा आणि स्मृतीचं प्रकरण काढा. अभ्यासासाठी एबिंगहाउस, 1885, निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विस्मरणाचा आलेख काढणारा. दुसऱ्या ज्ञानाने पुसणं म्हणजे म्यूलर आणि पिल्झेकर, 1900, नंतर शिकलेलं आधीच्यावर आक्रमण करतं. आश्चर्याचा ठसा म्हणजे ब्राउन आणि कुलिक, 1977, त्यांची फ्लॅशबल्ब मेमरी, म्हणजे धक्कादायक बातमी कळली त्या क्षणाची फोटोसारखी कोरलेली आठवण. प्राचीनांना सगळं आधीच माहीत होतं वगैरे मी म्हणत नाहीये, ते मला अजिबात पटत नाही, प्रशस्तपादाने प्रयोग केले नव्हते आणि एबिंगहाउसने केले होते, हा फरक फार मोठा आहे. मी शब्दाबद्दल बोलतोय. जो शब्द आठवणीच्या ठशाचा होता तोच आज इमोशनचा झालाय, आणि माझं ठाम मत आहे की या दोन अर्थांना जोडणारा धागा हा भिजवण्याचाच आहे. राग, भीती, आनंद यांच्यात अनुभव भिजतो आणि म्हणून टिकतो. आणि भिजतो म्हणूनच बदलतोही, गुणान्तराधान! 1986 मध्ये चॅलेंजर यान फुटलं तेव्हा नायसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली, आणि अडीचेक वर्षांनी परत तेच विचारलं. कितीतरी जणांची उत्तरं साफ वेगळी निघाली आणि तरी त्यांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. चूर्ण दिसायला तेच, आतला गुण बदललेला.

'भावना'त हालचाल नाही म्हणणाऱ्यांना अजून एक. मीमांसकांकडे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, भावना म्हणजे थेट प्रवृत्त करणारा व्यापार. 'यजेत' (यज्ञ करावा) असं वाक्य ऐकल्यावर माणूस कामाला लागतो, ते वाक्यातलं ढकलणं म्हणजे शाब्दी भावना, आणि त्याने मग फळासाठी केलेला प्रयत्न ती आर्थी भावना. म्हणजे मोटिव्हेशनचं प्रकरण पण याच शब्दात आलं. संवेगात यातलं काय आहे? वेग आहे. तेव्हा पेपरात बिनधास्त 'भावना' लिहा, आणि परीक्षकाने 'संवेग' हवा म्हणून मार्क कापलेच तर भरताचा सातवा अध्याय त्यांच्यापुढे ठेवा.