फोनवर मी ओरडलो, त्याबद्दल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री त्या जुन्या तोफगोळ्यावरून फोनवर तुझ्यावर ओरडलो. आवाज चढला याचं वाईट वाटतं, जे बोललो त्याचं नाही. "काका, दीडशे वर्षांचं जुनं लोखंड आहे, घरी आणून तारेच्या ब्रशने घासून काढते," असं तू सहज म्हणालीस आणि माझ्या छातीत धस्स झालं. आता शांतपणे लिहितो.

तू पाठवलेल्या फोटोत गोळ्याच्या डोक्यावर एक राखाडी चकती आहे. तिच्यावर कमानीसारखी ओळ आणि १ ते ५ आकडे दिसतात. हा बोरमान फ्यूज. बेल्जियमच्या एका लष्करी अधिकाऱ्याची ही कल्पना, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या तोफखान्याने ती भरपूर वापरली. चकती शिसं आणि कथिलाची. तिच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी दारूची बारीक वाट असते. आकडे सेकंदांचे, सव्वापाचपर्यंत. तोफ डागणारा गोलंदाज समोरचं अंतर डोळ्याने जोखायचा, ठरलेल्या आकड्यावर चकतीचा पातळ पत्रा टोचायचा आणि गोळा तोफेत जायचा. तोफ उडाली की तिचीच आग त्या छेदातून आत शिरायची, वाट जळत जायची आणि मोजलेल्या क्षणी गोळा हवेत फुटायचा.

आपल्या जुन्या मराठीत अशा पोकळ, दारू भरलेल्या गोळ्याला कुलपी गोळा म्हणत. तो शब्द मला फार आवडतो. कुलूप घातलेला गोळा. तू पाहिलास तो अजून कुलूपबंद आहे, एवढं मनात पक्कं धर.

तो फुटला नाही म्हणजे काय? एक तर कधी डागलाच नाही, किंवा डागला आणि वात मध्येच विझली. दोन्ही वेळा दारू आतच राहिली. शोरा, गंधक आणि कोळसा यांतलं काहीही वर्षांच्या हिशेबाने मरत नाही. शोरा पाण्यात विरघळतो हे खरं, पण पाणी आत शिरलं तर ना! पेचाने घट्ट बसलेली ती मऊ चकती दीड शतक ओल बाहेर ठेवू शकते. आणि ओल लागलेली दारूसुद्धा वाळली की पेटू शकते.

फेब्रुवारी २००८ मध्ये इथून जवळच, व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्ड काउंटीत, एक अतिशय अनुभवी संग्राहक आपल्या घरासमोर नौदलाचा ९ इंची, ७५ पौंडी गोळा साफ करत होते. त्यांनी तोवर शेकडो गोळे निकामी केले होते. तो फुटला आणि ते गेले. एक तुकडा पाव मैल उडून दुसऱ्याच्या घराच्या पोर्चमध्ये घुसला. जुने तोफगोळे जमवायच्या आमच्या छंदातल्या प्रत्येकाला ती तारीख आठवते, आणि त्या माणसाला काही कळत नव्हतं असं कुणीही म्हणू शकत नाही. म्हणून कुलूपबंद गोळ्याला भोक पाडणं, घासणं, तापवणं, पेच फिरवून बघणं, यांतलं काहीही तू करायचं नाहीस. मीही करत नाही. इतक्या वर्षांत एकदाही केलेलं नाही.

तू वजनाचा मुद्दा काढलास. भरीव असेल तर जड असेल, हे बरोबर. नेपोलियन नावाच्या १२ पौंडी तोफेचा भरीव गोळा साडेचार इंच व्यासाचा, वजन बारा पौंडांवर थोडं. साधा पोकळ गोळा त्याहून बराच हलका. पण मधे तिसरा प्रकार आहे, श्रॅपनेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या कल्पनेवरचा केस शॉट. १२ पौंडी केस शॉटच्या पोटात शिशाच्या ७८ गोळ्या भरलेल्या, फटींत राळ किंवा गंधक ओतलेलं आणि मधे फोडण्यापुरती थोडी दारू. शिशामुळे त्याचं वजन भरीव गोळ्याच्या फार मागे राहत नाही. न्हाणीघरातल्या काट्यावर तो तोलून तू "भरीव आहे" म्हणाली असतीस, आणि चूक तिथेच झाली असती. शिवाय दक्षिणेकडे शिशाची टंचाई होती, तिथल्या काही गोळ्यांत लोखंडी गोळ्या भरलेल्या सापडतात. तेव्हा वजनावरून निदान करायचं नाही.

आता मूळ गोष्ट, जी फोनवर सांगायची राहून गेली. तू विचारलंस, पहिली वस्तू कोणती घेऊ? माझं उत्तर: ज्या वस्तूबरोबर कागद आहे ती.

रिचमंडला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी पहिला गोळा घेतला. पॅरट नावाच्या तोफेचा, लांबट, बुडाशी पितळी कडं, आधीच निकामी करून बाजूला भोक ठेवलेला. त्याला सुतळीने पुठ्ठ्याचा एक मळका तुकडा बांधलेला होता. त्यावर पेन्सिलीने कुणाच्या तरी शेताचं नाव, एक ओढा आणि "नांगरताना" असं काहीसं. मला तो तुकडा घाण वाटला. घरी येऊन सुतळी कापली, पुठ्ठा टाकून दिला आणि गोळा काळाभोर चकचकीत केला. आज तो माझ्या कपाटात आहे आणि मला त्याच्याबद्दल एवढंच सांगता येतं की तो पॅरटचा आहे. कुठल्या ओढ्याकाठी कोण कुणावर तोफ डागत होतं, ते मी कचऱ्याच्या पिशवीत घातलं. ओढ्याचं नाव आठवायचा प्रयत्न मी अजूनही करतो.

जागा कळली की लोखंड बोलायला लागतं. समज, चकतीवर ४ च्या आकड्याशी छेद आहे. गोळा कुठल्या शेतात सापडला हे माहीत असेल, तर चार सेकंद मागे मोजून तोफ साधारण कुठल्या चढावर उभी असेल याचा अंदाज बांधता येतो. जागा गेली की उरते फक्त खूण.

आणि हे गोळे कुणी भरले तेही वाच. रिचमंडमध्ये जेम्स नदीतल्या ब्राउन्स आयलंडवर दक्षिणेची दारूगोळ्याची प्रयोगशाळा होती. कामावर बहुतेक बायका आणि अगदी लहान मुली. १३ मार्च १८६३ला मेरी रायन नावाच्या तरुण कामगारणीने फळीत अडकलेला प्रायमर, म्हणजे तोफेची दारू पेटवणारी नळी, सोडवायला फळी आपटली. स्फोटात चाळीसहून जास्त जण गेले. त्याआधी १७ सप्टेंबर १८६२ला, अँटिटमची लढाई चालू होती त्याच दिवशी, पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी शस्त्रागारात ७८ माणसं मेली. त्यातही बहुतेक तरुण मुलीच. ब्राउन्स आयलंडवर आज लोक संध्याकाळी फिरायला जातात, मीही जातो. गोळा हातात घेताना मला सेनापतींपेक्षा या मुली आधी आठवतात. काडतुसं वळणाऱ्या, मापाने दारू भरणाऱ्या. तुझ्या आजोबांची नोकरी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत झाली, त्यांना हे सगळं नक्की सांग. माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त कळेल.

त्यांच्यासाठी एक गोळा पुण्याला न्यायचा तुझा विचार मात्र सोड. निकामी केलेला असला तरी विमानाच्या सामानात, हातातल्या किंवा खालच्या, तो न्यायचा नाही. फोटो ने, मापं ने, पेन्सिलीने काढलेलं चित्र ने.

बाकीचं थोडक्यात. बारा पौंडांचा गोळा म्हणून शाळेतला गोळाफेकीचा गोळा विकणारे खूप आहेत, आणि गिरणीत खनिज दळायचे लोखंडी गोळेही. १६ पौंड भरला तर तो तोफेचा नाही समज, अमेरिकी तोफांची मापं ६, १२, १८, २४, ३२ अशी जातात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या रणभूमीवरून काही उचलणं हा गुन्हा आहे, पीटर्सबर्ग असो की स्पॉटसिल्व्हेनिया. खाजगी शेतात मालकाची लेखी परवानगी घे. निकामी केलेला गोळा विकत घेताना भोक आपल्या डोळ्यांनी बघ, आतून टॉर्च मार. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात, ते काढले नाहीत तर कपाटातसुद्धा त्याचे पापुद्रे सुटतात. ते कसं काढायचं हे मी तुला माझ्या टेबलावर दाखवेन, पत्रात नाही.

तर शनिवारचं. तो गोळा ज्यांच्या घरी आहे त्या आजींना मी आज सकाळी फोन केला. गोळा गॅरेजमधल्या फळीवर आहे, तो तिथेच राहू दे म्हटलं. कुणी गाडीत घालून कुठे नेऊ नका, काउंटी पोलिसांना कळवा, असंही सांगितलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. बॉम्बनाशक पथक येईल. बहुधा ते गोळा लांब नेऊन उडवून देतील. २०१६च्या वादळानंतर चार्ल्सटनजवळच्या फॉली बीचवर वाळूतून गोळे वर आले, तेव्हा त्यांतले बरेचसे उडवूनच दिले. मला दर वेळी त्रास होतो. तुलाही होईल. तरी मी त्यांनाच बोलवतो.

म्हणून तू शनिवारी लवकर ये, पण गॅरेजमध्ये जाऊ नकोस. जाड कागदाची वही आण, पेन्सिल आण. आजींजवळ स्वयंपाकघरात बस. त्यांच्या आजोबांना तो कुठे सापडला, कुठल्या वर्षी, शेताच्या कुठल्या कोपऱ्यात, शेजारी झाड होतं की विहीर, सगळं विचार. त्यांचं वय ब्याण्णव आहे. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, दुरुस्त करू नकोस. तुझा फोटो त्याच पानावर डकव. चकतीवर छेद कितीच्या आकड्याशी आहे ते फोटो मोठा करून बघ आणि खाली नोंद कर. मला तो तीनच्या जरा पुढे वाटतो, पण तुझे डोळे तरुण आहेत.

मी साडेनऊला पोचतो.

तुझा,
काका