१५ वर्षं जुन्या डिझेल स्कॉर्पिओचं इंजिन खोलायला सांगितलंय, खोलू का?

आत्ता खोलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २०११ ची स्कॉर्पिओ, २.२ लिटर एमहॉक इंजिन, रनिंग २ लाखाच्या वर, सकाळी पहिल्या स्टार्टला सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, मुंबईहून नाशिकला येताना कसारा चढताना खेचत नाही आणि मागे काळा धूर सोडते, तिथेच टेम्परेचरचा काटा वर जातो, शिवाय ८० च्या पुढे थरथरते. आणि गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून आणि धूर बघून ‘इंजिन संपलं, खोलावं लागेल, ९० हजार धरून चला’ असं सांगितलं. एवढ्यावरून इंजिन संपलं असं खरंच कुणी सांगू शकत नाही. या चार तक्रारी आहेत, त्यातल्या दोन एकाच कारणाच्या असू शकतात, बाकी दोन पूर्ण वेगळ्या, आणि थरथरीचा तर इंजिनशी बहुतेक संबंधच नाही.

माझ्याकडेही जुनी लॅडर फ्रेमची डिझेल गाडी आहे, देशावरून कोकणात ये-जा असते त्यामुळे घाट कायमचेच, आणि ओळखीतल्या लोकांच्या अशा गाड्या बघायला मी आवडीने जातो. त्यात परत परत एकच दिसतं, चांगली इंजिनं विनाकारण खोलली जातात आणि खोललेलं इंजिन कंपनीत बसलं होतं तसं परत क्वचितच बसतं. म्हणून पहिलं काम, इंजिन आतून ठीक आहे का ते मोजून घ्या, बाकी सगळं नंतर.

त्यासाठी खर्च काही नाही. गाडी चांगली गरम करा, चालू ठेवा, आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. थोडं हललं, थोडी वाफ आली तर घाबरायचं कारण नाही, या वयाच्या डिझेलला एवढं असतंच. पण झाकण उडून पडत असेल, धूर भकाभक येत असेल, डिपस्टिक आपोआप वर सरकत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली येतोय असं समजा आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) चेक करून घ्या. कॉम्प्रेशनमध्ये नुसता आकडा बघू नका, चारही सिलिंडरमध्ये फरक किती ते बघा, तीन सारखे आणि एक बराच खाली असेल तर खोलायचा विषय निघतो. आणि ऑइल किती पितं? दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल टॉप-अप करावं लागत नसेल आणि धूर निळा नसून काळा असेल तर रिंगा गेल्या म्हणणाऱ्याला हे दोन मुद्दे जरूर विचारा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त पडतंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय, आणि पांढरा गोडसर वासाचा म्हणजे कूलंट आत जातोय.

आता घाटातला काळा धूर आणि पिकअप. माझा पहिला संशय इंटरकूलरच्या होज पाइपवर. टर्बोने (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन याच जाड रबरी पाइपांतून इंजिनाकडे जाते, आणि १०-१५ वर्षांत त्यात ऑइलचा पातळ थर बसून रबर फुगतं, मऊ पडतं, आणि क्लिपच्या अगदी काठाला खालच्या बाजूने चिरतं. वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. हात खाली घालून पाइप वाकवावा लागतो, तेव्हा ती चीर तोंड उघडते आणि बोटांना काळं चिकट ऑइल लागतं. आयडलवर प्रेशर नसतं म्हणून गॅरेजमध्ये उभी असताना गाडी एकदम शहाणी वाटते, लोड आला की हवा बाहेर फुस्स आणि इंजिनाला मिळते अर्धीच. कोणीतरी शेजारी बसवा, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्या आणि काचा खाली करून ऐका, फुसफुस आवाज येत असेल तर चोर सापडला. पाइपात थोडं ऑइल दिसलं म्हणून टर्बो गेला असं मात्र कुणी सांगितलं तर लगेच मानू नका, इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) थोडं ऑइल तिथे येतच असतं. टर्बो बघायचा तर पाइप काढून, इंजिन थंड आणि बंद असताना, शाफ्ट बोटाने हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलायला नको आणि पाती घासल्याच्या खुणा नकोत.

होज चांगला निघाला तर एअर फिल्टर बघा (हसू नका, फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलेलं मी बघितलंय), मग व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या. या काळातल्या बऱ्याच टर्बोंचं नियंत्रण व्हॅक्यूमवर असतं आणि त्या नळ्या इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन टोकाला तडकतात. एक वीतभर नळी गेली की टर्बो वेळेवर काम करत नाही, आणि वरून बिल मात्र टर्बोचं होतं. त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह. हा काजळीने उघडा अडकला की जळलेला धूर परत परत इंजिनात जातो आणि ताजी हवा कमी पडते, काढून साफ केला तर बऱ्याचदा चालतो. आणखी एक बघा, पिकअप अचानक जाऊन गाडी बंद करून चालू केली की परत येतो का? तसं असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडीला मुद्दाम कमी पॉवरवर टाकतोय, म्हणजे आत बिघाडाचा कोड पडलेला असणारच, स्कॅनर लावल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नका.

टेम्परेचर मी धुराच्या नंतर बघायला सांगतोय ते मुद्दाम. हवा कमी आणि डिझेल जास्त अशी गाडी घाटात ओढली की एक्झॉस्टची उष्णता वाढते आणि तेवढा भार कूलिंगवर येतो, म्हणजे होज बदलल्यावर काटाही खाली येऊ शकतो. नाही आला तर गाडी कधी तापते ते नीट बघा, कारण उत्तर त्यातच आहे. हळू चढाला आणि ट्रॅफिकमध्ये तापत असेल आणि मोकळ्या हायवेला ठीक असेल तर हवेचा प्रश्न, म्हणजे पंखा, पंख्याचा क्लच किंवा रेडिएटर बाहेरून बुजलाय. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत चिखल, गवत, किडे यांचा थर असतो आणि समोरून पाणी मारून तो निघत नाही, दोन्ही सुटे करून इंजिनच्या बाजूने हलक्या प्रेशरने धुवावं लागतं. उलट हायवेला ९०-१०० ला सुद्धा तापत असेल तर रेडिएटर आतून चोक झालाय, किंवा थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही, किंवा वॉटर पंप. वर्षानुवर्षं कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकलेलं असेल तर आतून क्षार बसलेलेच असणार.

रेडिएटरची कॅप ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. कॅपमुळे सिस्टीममध्ये प्रेशर राहतं म्हणून आतला कूलंट १०० डिग्रीला उकळत नाही, स्प्रिंग ढिली पडली की लवकर उकळतो आणि बाहेर फेकला जातो. कॅप स्वस्त आहे, वय माहीत नसेल तर सरळ नवीन टाका. गरम असताना उघडायची नाही, अजिबात नाही, तोंड भाजलेली माणसं बघितलीत मी. आणि कुणी थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणाला तर नको म्हणा, त्याने गाडी थंड चालते, डिझेल जास्त खाते, काजळी वाढते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) भीती घातली जाते म्हणून तेही सांगतो. सकाळी गाडी रात्रभर थंड असताना चालू करा, एक-दोन मिनिटांत वरचा रेडिएटर होज दाबून बघा, इंजिन अजून कोमट पण नाही आणि होज दगडासारखा कडक, किंवा टाकीत सतत बुडबुडे, तर गॅस कूलंटमध्ये जातोय हे खरं. ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर दिसला म्हणून लगेच गॅस्केट गेलं म्हणू नका, पावसाळ्यात छोट्या-छोट्या फेऱ्या झाल्या की ओलाव्यानेही तसा थर येतो, डिपस्टिकवरचं ऑइल दुधी आहे का ते बघा. कूलंट कमी होतोय आणि बाहेर कुठे गळती नाही अशा वेळी ईजीआर कूलर (ईजीआरचा धूर कूलंटने थंड करणारा) आतून लीक आहे का तेही तपासायला सांगा, हेड उतरवायच्या आधी.

सकाळच्या स्टार्टचं म्हणाल तर, एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला हा एअर पकडण्याचा प्रकार वाटतो. रात्रभरात कुठल्यातरी वायसरमधून किंवा फिल्टरच्या ओ-रिंगमधून हवा आत जाते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी पंपाला आधी हवा ओढावी लागते. मेकॅनिकला सांगून फिल्टरनंतरच्या लाइनला तात्पुरता पारदर्शक पाइप लावून घ्या आणि सकाळी सेल्फ मारताना बघा, डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ जाताना स्पष्ट दिसते. त्यासोबत फिल्टरमधलं पाणी खालच्या स्क्रूने काढून टाका.

पण त्याच्याही आधी बॅटरी. मल्टिमीटर लावा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नकोत, चालू असताना १३.८ ते १४.४. मग एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरा इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय. सेल्फ हळू फिरला की कॉमन रेलमध्ये (चारही इंजेक्टरना डिझेल देणारा दाबाचा पाइप) प्रेशर बनत नाही, आणि साधारण २०० बारच्या आसपास प्रेशर झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, म्हणून माणूस इंजेक्टर आणि पंप बदलत बसतो आणि दुखणं असतं एका गंजलेल्या पट्टीत. आमच्या ओळखीतल्या एकाला चार इंजेक्टरचं कोटेशन हातात मिळालं होतं, पट्टी घासून घट्ट केली आणि गाडी चालू झाली. हे सगळं ठीक निघालं तर स्कॅनरवर सेल्फ मारतानाचं रेल प्रेशर बघा, आणि इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार छोट्या बाटल्या लावून गाडी आयडलला चालवा, जी बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते तो इंजेक्टर आतून लीक. एक खराब असेल तर एकच करा. ग्लो प्लगवर (थंडीत स्टार्टसाठी सिलिंडर गरम करणारे) नाशिकच्या थंडीत संशय घेणं बरोबर आहे, पण एप्रिल-मे मध्येही हाच त्रास होत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली, हे तुम्ही लिहिलं नाही. स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर, टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, जुना कडक टायर नक्षी शिल्लक असली तरी बाद. फक्त ब्रेक मारताना असेल तर डिस्क. सीटखाली, फरशीतून येत असेल आणि क्लच सोडताना खालून ‘टण्ण’ वाजत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस म्हणजे सांधे, ते ग्रीसिंगअभावी जातात, गाडी न्यूट्रलला ठेवून, चाकांना पुढे-मागे दगड लावून, शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून बघा. जॅकवर चाक १२ आणि ६ ला धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, ९ आणि ३ ला हललं तर टाय रॉड, आणि बॉल जॉइंट ढिला असेल तर गाडी घाटात नेऊच नका, ते आधी.

ठेवू की विकू याचं उत्तर मी इंजिनावरून देणार नाही, चेसिसवरून देईन. गाडी रॅम्पवर घ्या, मागच्या चाकांच्या आसपास आणि क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्ट्या) वेल्डिंगपाशी स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा, पापुद्रे पडत असतील, टोक आत घुसत असेल तर विका, कितीही जीव असला तरी. चेसिस ठणठणीत असेल तर ठेवा. स्कॉर्पिओ २००२ ला आली तीच नाशिकच्या प्लांटमधून, तुमच्या शहरात पार्ट आणि जाणते मेकॅनिक दोन्ही मिळतात, ते सुख इतरांना नाही. आणि १५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करायला आरटीओकडे पासिंग लागतं, झालं की पुढची ५ वर्षं, पर्यावरण कर वेगळा भरायचा. तिथे ब्रेक आणि धूर बघतात, म्हणून आधी होज, ईजीआर, फिल्टर करून घ्या आणि त्याच वेळी ब्रेकचे चारही बाजूंचे रबरी पाइप तपासून वयानुसार बदला, मग तारीख घ्या. थरथर कुठे जाणवते ते, झाकणाची टेस्ट आणि स्कॅनरचे कोड कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.